गाव काय बोलते ते ऐकायला चक्कीवरही या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निवडणूक कोणतीही असो, आपला वार्ताहर आमच्या भागात आला की गाडी आधी पाराजवळ लावतो. तिथे बसलेल्या चार-सहा माणसांना विचारतो, चहा होतो, फोटो निघतो, आणि दोन दिवसांनी ‘गावाचा कौल’ छापून येतो. २०२४ मध्ये लोकसभेच्या वेळी तसेच झाले आणि विधानसभेच्या वेळीही तसेच. पारावरची माणसे चुकीचे बोलतात असे मला म्हणायचे नाही. माझा दीर, माझा मुलगा तिथेच बसतात, कापूस-सोयाबीनचे त्यांना सगळे कळते. पण त्या फोटोत एकही बाई नसते आणि त्या बातमीत बाईचे एकही वाक्य नसते. मग आठवड्याच्या पुरवणीत आमच्यासाठी एक पान असते, त्यात रांगोळी, मेंदी आणि लोणच्याची कृती. म्हणजे राजकारण पुरुषांचे आणि छंद बायांचे, अशी वाटणी आपल्या पेपरानेच करून टाकली आहे. ही वाटणी खोटी आहे, एवढेच सांगायला हे पत्र लिहिते आहे.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात पिठाची चक्की चालवते. सासऱ्यांनी लावलेली चक्की, आता माझ्याकडे आहे. धनी शेत पाहतात, मी दळण पाहते. पट्टा चढवणे, पाटाला टाकी लावणे, मोटर गरम झाली की ओळखणे, सगळे मीच करते. आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, लाइनचा भरवसा नाही, आणि दळणाशिवाय तर कोणाचे चालत नाही. त्यामुळे गावातली प्रत्येक जातीची, प्रत्येक पक्षाची बाई आठवड्यातून एकदा तरी डबा घेऊन माझ्या टिनाखाली येते. नंबर लागेपर्यंत थांबते. लाइन गेली तर आणखी थांबते. थांबलेली बाई गप्प बसत नाही. राजकारण, गाणी, कोणाचे कसले वेड, असे सगळे तिथे एकाच दमात निघते. कोणत्या बोलण्यातून कोणते निघाले ते सांगता येत नाही.

एक दुपार सांगते. दिवाळीआधीचे दिवस, बेसनाची गर्दी. हरभऱ्याची डाळ पाटात पडली आणि लाइन गेली. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीचा तेव्हा गावभर घोर होता. जुलै २०२४ पासून महिन्याला १,५०० रुपये येत होते, आणि आता केवायसी नाही केली तर बंद, असे ऐकू येत होते. त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार मागत होते, ओटीपी त्या मोबाइलवर. आमच्याकडे एक काकू येते, माहेर तिचे अकोटकडचे, पन्नाशीची असेल. ती पोत्यावर बसून होती. म्हणाली, “माया नवरा गेला, बापही गेला. आता ओटीपी कोनाच्या फोनवर येईन वं?” कोणी हसले नाही. एकीने सांगितले की सेतू केंद्रावरचा मुलगा म्हणतो, थांबा, काही तरी निघेल. दुसरी म्हणाली, परित्यक्ता बाईने काय करावे? तिचा नवरा जिवंत आहे पण ओटीपी देतो का? तिसरीने विचारले, पैसा बाईच्या खात्यात देता, मग ओळख नवऱ्याची कायले?

तेवढ्यात काकूने डब्याच्या झाकणावर बोटांनी ठेका धरला आणि ओवी म्हटली. तिथल्या तिथे केलेली. मी वहीत उतरवून घेतली:

पहिली माझी ओवी गं, सरकारच्या दारी
ओटीपी मागते बाई, नवऱ्याच्या नावावरी
दुसरी माझी ओवी गं, नवरा नाही घरी
देवाच्या गावाले बाई, टावर कोण उभारी

पुढे सरकारने अशा बायांसाठी मृत्यूचा दाखला जोडण्याची सोय केली आणि मुदतही वाढवली. पण संपादक महोदय, ही अडचण नेमकी कुठे आहे, ती कोणाला अडवते, हे आमच्या टिनाखाली पहिल्याच आठवड्यात पुरते उलगडले होते. त्या दिवसांत एखाद्या वार्ताहराने या बायांना विचारले असते तर ती बातमी झाली असती. पारावर त्याच सुमारास जी चर्चा होती ती या पैशाने कोणाची मते फिरली याची. ती चर्चा आपल्या पेपरात आली. काकूची ओवी राजकारणाच्या पानावर बसत नाही आणि रांगोळीच्या पानावरही बसत नाही. मग ती छापायची कुठे?

वहीचे म्हणाल तर तो माझा छंद आहे. चक्कीच्या जुन्या हिशोबाच्या वह्यांची मागची पाने कोरी राहतात, त्यात मी गाणी लिहिते. जात्यावरच्या ओव्या आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरल्या, त्या आधी घेतल्या. मग भुलाबाईची गाणी. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते, पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायची असते. एकच गाणे अंजनगावकडची बाई एका चालीत म्हणते, मूर्तिजापूरकडची दुसऱ्या. सासरच्या माणसांना नावे ठेवणारी कडवी तर प्रत्येकीची वेगळी. एकदा दोघींचा यावरून चांगलाच वाद झाला, कोणाचे खरे. मी दोन्ही लिहून घेतली, माहेरच्या गावासकट. असे करता करता माझ्या लक्षात आले की बाया सासूबद्दल, सावकाराबद्दल, दुष्काळाबद्दल जे उघड बोलत नाहीत ते गाण्यात बोलतात. एका म्हातारीच्या ओवीत कापूस एकाधिकाराच्या, म्हणजे सगळा कापूस सरकारच खरेदी करायचे त्या काळातली जिनिंगसमोरची बैलगाड्यांची रांग आहे. चुकारा उशिरा आला तोही आहे. याला मी संगीत म्हणू की राजकारण?

आमच्या भागाला हे नवीन नाही. गाडगेबाबांचे शेंडगाव आमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातले. त्यांचे कीर्तन म्हणजे लोकांशी बोलणेच होते, वऱ्हाडीत एकेक प्रश्न विचारायचा आणि समोरच्यांकडून उत्तर वदवून घ्यायचे. कर्ज काढून लग्न करता का, पोराला शाळेत घालता का, असे प्रश्न, आणि मधे टाळीवर भजन. तुकडोजी महाराजांची खंजिरीही तशीच. १९४२ साली चिमूर-आष्टी पेटले तेव्हा भजनाच्या जोरावर त्यांनी लोक जागे केले होते आणि इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकले. त्यांची ग्रामगीता आमच्याकडे घराघरात आहे, तिच्यात महिलोन्नतीवर आख्खा अध्याय आहे. आमच्या महिला भजन मंडळातल्या बाया तो अध्याय वाचतात, खंजिरी वाजवतात, आणि भजन आटोपले की नळ योजनेवर बोलतात. त्यांना कोणी सांगितले नाही की हे विषय वेगळे आहेत.

एक गोष्ट मला विशेष सांगायची आहे. आमच्या गावची सरपंच बाई आहे. पंचायतीत निम्म्या जागा बायांना, हे २०११ पासून महाराष्ट्रात चालू आहे. ग्रामसभेत ती फारशी बोलत नाही. खुर्चीवर बसते, पण बोलतात दुसरेच. तीच बाई ज्वारीचा डबा घेऊन माझ्याकडे आली की वेगळी असते. मागे एकदा कोणी तरी विचारले, पंचायतीत एवढा पैसा येतो तर आमच्या गल्लीत नाली का होत नाही? तिने पोत्यावर बसून पंधराव्या वित्त आयोगाचा सगळा हिशोब समजावला. आलेल्या निधीतला ६० टक्के बंधित, तो पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा, ४० टक्के अबंधित. नाली स्वच्छतेत बसते, रस्ता बसत नाही. आराखड्यात नाव नसेल तर काम होत नाही, आणि आराखडा ग्रामसभेत ठरतो. “तुमी येतच नाई, मंग आराखड्यात पाराचंच सुशोभीकरण येते,” असे ती सरळ म्हणाली. बाया ऐकत राहिल्या. एकीने तिथेच चार नाल्यांची नावे मोजून सांगितली, कोणती कुठे तुंबते, पावसाळ्यात पाणी कोणाच्या चुलीपर्यंत जाते. जी माहिती गोळा करायला इंजिनिअरला दोन दिवस लागतील ती तिने उभ्या उभ्या दिली.

“तुमी येतच नाई” हे तिचे म्हणणे खरे आहे, पण का येत नाही ते कोणी पाहत नाही. ग्रामसभा ठरलेल्या चार दिवसांना होतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. आता आमचे कॅलेंडर पाहा. १५ ऑगस्टला निंदण जोरात, तण बसू देत नाही. २ ऑक्टोबरला सोयाबीनची सोंगणी, पाऊस डोक्यावर असला तर एक दिवसही थांबता येत नाही. २६ जानेवारीला तूर आणि कापसाची शेवटची वेचणी. १ मे ला लग्नसराई, कुरड्या-पापड, आणि शेतात धसकटे वेचायची. सभा अकरा वाजता, म्हणजे बाई शेतात असते तेव्हा. झेंड्याला जाऊन ती सरळ वावरात जाते, कारण त्या दिवसाची मजुरी तिला कोण देणार?

कायद्यात यावर उपाय आहे. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायांची महिला सभा घ्यायची, तिचे ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचे, असे ग्रामपंचायत अधिनियमात आहे. कागदावर आमच्याकडे ती होते. प्रत्यक्षात रजिस्टर घरोघरी फिरते. सैपाक करता करता बाई ओल्या हाताने सही करते नाहीतर अंगठा देते, आणि सभा झाली. विषय काय होता हे तिला माहीत नसते. रजिस्टर माझ्या चक्कीवरही येते, कारण सह्या एका जागी मिळतात. गंमत म्हणून मी हे सांगत नाही. ज्या टिनाखाली बाया रोज खरीखुरी सभा भरवतात तिथेच येऊन खोट्या सभेच्या सह्या घेतल्या जातात, याचा मला मनापासून राग येतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाबद्दल आपल्याच पेपरात मी पूर्वी वाचले होते. तिथे अभ्यास गट आहे, त्यात नुसते बोलायचे, एखादा विषय सगळ्या बाजूंनी समजून घ्यायचा, ठरवायचे काही नाही. ठरवायचे ते ग्रामसभेत, तेही सगळ्यांच्या संमतीने. २००९ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशात पहिल्यांदा मिळालेल्या गावांपैकी ते एक. ते गोंड आदिवासींचे जंगलाचे गाव, आमचे काळ्या मातीचे कापसाचे. त्यांची नक्कल आम्हाला जमणार नाही. पण आधी निवांत बोलणे आणि मग ठरवणे, हा क्रम आम्हालाही लागू आहे. आमच्याकडे निवांत बोलणे रोज होते आणि ते ठरवण्यापर्यंत पोचत नाही.

बोलण्याची उणीव नाही हे सांगायला आणखी काही लिहिते. २०२५ साली केंद्राने कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून काढले आणि मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. हे मला पारावरून नाही, एका विधवा बाईकडून कळले, तिची स्वतःची चार एकर पऱ्हाटी आहे. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, आणि सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, घालायचा तर मोबाइलच्या अॅपवर आधी नोंदणी. नोंदणीला सातबारा लागतो. तिच्या सातबारावर तिचे नाव आहे म्हणून तिचे जमले. बाकीच्या जणींनी आपापल्या सातबाराची चौकशी सुरू केली. माझी सासू शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून १९८६ साली चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेली होती. पुढे संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगाव बायांच्या नावे जमिनी झाल्या. सासूच्या नावे सासऱ्यांनी दोन एकर केले होते, ते ती मरेपर्यंत अभिमानाने सांगायची. त्या दिवशी चक्कीवर लक्ष्मीमुक्तीची गोष्ट पुन्हा निघाली, आणि तिशीतल्या सुनांनी ती पहिल्यांदा ऐकली.

वेगळ्या विदर्भावरही बोलणे होते. कोणी नागपूर कराराचे काढते, विदर्भाला महाराष्ट्रात घेताना दिलेल्या १९५३ च्या आश्वासनांचे. एक काकू नेहमी एवढेच विचारते की वेगळे झाले तर माझ्या नळाला गोडे पाणी रोज येईल का. तिचा प्रश्न मला आजवर कोणत्याही नेत्याच्या भाषणात ऐकू आला नाही.

आणि छंद. सातवीतली एक पोरगी आईसोबत दळण घेऊन येते, सोबत बुद्धिबळाचा पट. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हापासून तिला दुसरे काही सुचत नाही. गावात तिच्याशी खेळायला कोणी नाही, म्हणून तिने दोन काकूंना शिकवले. त्यातली एक आता बरी खेळते, घोडा फार चांगला चालवते. एक सून क्रिकेटची. विदर्भाने नागपूरजवळच्या जामठ्याला केरळविरुद्ध रणजी करंडक तिसऱ्यांदा घेतला आणि हर्ष दुबेने एका मोसमात ६९ बळी घेतले, हे तिने दळण चाळता चाळता सांगितले. एका म्हातारीकडे गावरान वाल, चवळी, लाल तूर, अंबाडीचे बी राखेत ठेवलेले असते, मागेल तिला मूठभर देते, बदल्यात दुसऱ्या वर्षी मूठभर परत घेते. हे सगळे त्यांचे आपले आपले, कोणी बक्षीस देत नाही. पुरवणीत छापायचेच असेल तर हे छापा. रांगोळीला माझा विरोध नाही. आमच्याकडे फार सुंदर रांगोळी काढणाऱ्या आहेत. पण रांगोळी काढणारी बाई हमीभावावरही बोलते, आणि दोन्ही तिच्याच नावाने एका पानावर आले पाहिजे.

पुरुष मंडळी म्हणतील की मग पारावर या ना, कोणी अडवले आहे. अडवत कोणी नाही हे खरे. पण पारावर बाई बसली तर संध्याकाळपर्यंत तिच्या घरी बोलावणे जाते, हेही तितकेच खरे. पाराला पंचायतीने फरशी बसवली, बाकडी दिली, वर सोलरचा दिवा लावला. बायांना बसायला गावात एकही ओटा नाही. अंगणवाडीच्या दारात उभे राहावे, नळावर उभे राहावे, रेशनच्या रांगेत उभे राहावे. माझ्याकडे तरी पोती आहेत. मागच्या उन्हाळ्यात मी टिन पुढे ओढून घेतले आणि दोन बाकडी टाकली, माझ्या पैशाने. तेव्हापासून ज्यांचे दळण नाही त्याही येऊन बसतात.

म्हणून आम्ही एक अर्ज दिला आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधीची महिला सभा संध्याकाळी सात वाजता घ्यावी, सैपाक आटोपल्यावर. जागा समाजमंदिर, आणि त्याची किल्ली मिळाली नाही तर माझी चक्की. रजिस्टर सभेतच उघडावे, घरोघरी फिरवू नये. सभेत आधी भजन होईल, मग विषय. विषय बायांनीच ठरवले आहेत: चार नाल्या, गोड्या पाण्याच्या टँकरची वेळ, बायांसाठी ओटा, आणि वारस नोंदीत नाव लावायला अडलेल्या तिघी-चौघींना तलाठ्याकडे सोबत कोण जाणार ते. ठराव सरपंच बाईने दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत स्वतः वाचून दाखवायचे, असे तिने कबूल केले आहे. तालुक्यातल्या इतर गावच्या बायांनाही हे करता येईल. त्याला वेगळा जीआर लागत नाही, कायदा आहेच.

आपल्याला विनंती ही की त्या संध्याकाळी आपला वार्ताहर पाठवावा. बाई वार्ताहर असेल तर जास्त बरे. फोटो काढा, नावे छापा, बाया तयार आहेत, मी प्रत्येकीला विचारले आहे. ओवी करणारी काकू म्हणते की मायं नाव टाका, पन ओवी पुरी छापा, अर्धी छापाल तर चालनार नाई. चक्की सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते सात चालू असते. लाइन असली तर.

आपली,
एक चक्कीवाली
ता. दर्यापूर, जि. अमरावती